मल्चिंग पेपरचा रंग आणि "उत्पादन वाढलं" हे वाक्य

भातकापणी उरकली की भिवंडी तालुक्यात पडघा, अंबाडी, वज्रेश्वरीच्या बाजूला रिकाम्या खाचरांत चंदेरी पट्टे दिसायला लागतात. ज्याच्याकडे पाण्याची सोय आहे तो काकडी, कलिंगड, मिरची, भेंडी असं काहीतरी लावतो, आणि बऱ्याच ठिकाणी गादीवाफ्यावर मल्चिंग पेपर असतो. म्हणायचं पेपर, पण ते पॉलिथिनच. जास्त दिसतो तो वर चंदेरी आणि खाली काळा. हाच का, असं विचारलं तर "सगळे तोच वापरतात" हे उत्तर मिळतं. काही प्रबंधांतलं उत्तरही याच्या फार पुढे जात नाही: पाच रंग घेतले, एका रंगात उत्पादन सर्वाधिक आलं, इति.

संशोधनाला लागणाऱ्यांना हा विषय सोपा वाटतो. एका हंगामात होतो, खर्च कमी, ट्रीटमेंट डोळ्यांना दिसतात, फोटोही छान येतात. पण 'रंग' या एका शब्दात इथे निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, आणि त्या सुट्या केल्या नाहीत तर शेवटी हातात आलेल्या टक्केवारीचा अर्थ कोणालाच लावता येत नाही. ज्याने त्या टक्केवारीवर विश्वास ठेवून बंडलं विकत घेतली, त्याला तर नाहीच नाही. एकराला १.२ मीटर रुंदीची आणि ४०० मीटर लांबीची सहा-सात बंडलं लागतात. केंद्राच्या फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत हेक्टरी ३२,००० रुपये खर्च धरून त्याच्या निम्मं अनुदान, तेही दोन हेक्टरपर्यंत, असं गणित होतं. उरलेले पैसे शेतकऱ्याच्या खिशातले.

पहिली गोष्ट, ऊन जातं कुठे.

फिल्मवर पडलेल्या उन्हाचे तीनच मार्ग असतात: काही परत उडतं, काही आरपार जातं, काही फिल्म स्वतः शोषते. तिघांची बेरीज शंभर टक्के. पारदर्शक फिल्म बहुतेक ऊन आरपार सोडते, त्यामुळे ते थेट मातीत शोषलं जातं. काळी फिल्म जवळजवळ सगळं स्वतः शोषते. पांढरी आणि चंदेरी फिल्म बरंच परत पाठवते. म्हणून माती सगळ्यात जास्त कोण तापवतं, तर पारदर्शक. काळी नव्हे. इथे पहिल्यांदा ऐकणारा हमखास अडखळतो, कारण काळा म्हणजे गरम हे आपल्या डोक्यात घट्ट बसलेलं असतं. काळी फिल्म गरम होते हे खरंच आहे, भर उन्हात हात ठेवून बघा. पण फिल्म गरम होणं वेगळं आणि माती गरम होणं वेगळं.

विल्यम लॅमाँट यांचा १९९३ सालचा 'हॉर्टटेक्नॉलॉजी'मधला लेख या विषयात सगळीकडे उद्धृत होतो. त्यातले आकडे फॅरनहाइटमधून बदलून घेतले तर असे दिसतात: दिवसा उघड्या मातीच्या तुलनेत काळ्या फिल्मखाली ५ सेंटिमीटर खोलीवर साधारण २.८ अंश सेल्सिअस जास्त आणि १० सेंटिमीटरवर १.७ अंश जास्त. पारदर्शक फिल्मखाली ५ सेंटिमीटरवर ४.४ ते ७.८ अंश जास्त. पांढऱ्या किंवा चंदेरीखाली वरच्या थरात अंशभर कमी. पारदर्शक फिल्मचा आणखी एक गुण असा, की तिच्या खालच्या बाजूला पाण्याचे थेंब साचतात. हे थेंब वरून येणारं ऊन आत सोडतात, पण मातीतून परत निघणारी उष्णता अडवतात. नुसतं पातळ पॉलिथिन ही उष्णता बऱ्यापैकी जाऊ देतं, थेंब तिला रोखतात.

डोळ्याला दिसणारा रंग आणि फिल्मचं उन्हाशी असलेलं नातं, या दोन गोष्टी एकच धरू नका. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेतली निम्म्याच्या आसपास ऊर्जा आपल्या डोळ्यांना दिसतच नाही, ती अवरक्त भागात असते. गडद हिरव्या-तपकिरी छटेच्या काही फिल्म याच फटीचा फायदा घेतात. तणाला लागणारा दृश्य प्रकाश अडवायचा आणि अवरक्त मात्र मातीत सोडायचा. माती काळ्यापेक्षा जास्त तापते, तणही माजत नाही. तेव्हा प्रबंधात 'हिरवी फिल्म' एवढंच लिहून भागत नाही. कोणत्या तरंगलांबीला किती परावर्तन आणि किती पारगमन, हे मोजून किंवा निदान उत्पादकाकडून मागवून द्यायला हवं.

परावर्तनाचा आकडासुद्धा एकटा पुरत नाही. भिवंडीच्या गोदामांचे पत्रे बघा. चकचकीत, ऊन चांगलं परतवणारे. तरी दुपारी आत काम करणाऱ्या हमालाला विचारा तो पत्रा थंड असतो का. उघडा चकाकणारा धातू ऊन परतवतो, पण स्वतःत शिरलेली उष्णता बाहेर टाकण्यात आळशी असतो. त्याच पत्र्याला पांढरा रंग मारला की तो दोन्ही कामं करतो, म्हणून कमी तापतो. फिल्मच्या बाबतीतही किती उष्णता घेतली याच्या जोडीला किती सोडली, हा हिशोब लागतोच.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित: बाष्पीभवन.

आपण 'फिल्म माती तापवते' म्हणतो तेव्हा तुलना उघड्या मातीशी असते. पण उघडी माती म्हणजे काही स्थिर मोजपट्टी नाही. ती ओली असेल तर घाम गाळून स्वतःला गार ठेवते. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते. ओल्या उघड्या जमिनीतून दिवसाला ५ मिलिमीटर पाणी उडालं, तर चौरस मीटरमागे ५ किलो, म्हणजे १२ मेगाज्यूलहून थोडं जास्त. एप्रिलमध्ये आपल्याकडे चौरस मीटरवर दिवसभरात ढोबळमानाने २२ ते २४ मेगाज्यूल ऊन पडतं. म्हणजे निम्मं ऊन पाणी उडवण्यातच खर्च झालं! फिल्म घातली की हा खर्च बंद होतो, मग तिचा रंग कुठलाही असो. वाचलेली ऊर्जा कुठेतरी जाणारच.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, कंट्रोल प्लॉटला काल पाणी दिलं होतं की पाच दिवसांपूर्वी, यावर तुमच्या 'तापमानातील फरका'चा आकडा बदलेल. कोरड्या उघड्या मातीशी तुलना केली तर चंदेरी फिल्म माती छान थंड ठेवते असं दिसेल. ओल्या मातीशी केली तर तो फरक नाहीसा होईल, कदाचित उलटाही होईल. दोन, सगळ्या प्लॉटना सारखंच पाणी देणं वरवर निष्पक्ष वाटतं, पण त्यात फिल्मखालचे प्लॉट जास्त ओले राहतात. त्याऐवजी टेन्शिओमीटर लावून प्रत्येकाला गरजेइतकं पाणी दिलं, तर पाण्याचं प्रमाण वेगळं होतं. यातला कुठला मार्ग चूक असं नाही. दोन्ही वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात, आणि आपला प्रश्न कोणता ते आधी कागदावर लिहिलेलं असावं. 'ठिबक अधिक मल्चिंग' विरुद्ध 'पाटपाणी, मल्चिंग नाही' अशी तुलना करून सगळं श्रेय फिल्मला देणं मात्र सरळ चूक.

आता ढेकळं.

भिवंडीच्या भातखाचरांची माती चिखलणीतून गेलेली असते. वाळताना ती आकसते, भेगा पडतात, आणि वाफसा चुकवून नांगरली तर ढेकळंच ढेकळं निघतात. त्यावर ओढलेली फिल्म मातीला टेकत नाही, ढेकळांच्या टोकांवर तंबूसारखी उभी राहते. मधे हवा. हवेची उष्णतावाहकता साधारण ०.०२६ वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन, ओल्या मातीची एकाच्या आसपास किंवा त्याहून जास्त. म्हणजे चाळीसपट फरक. काळी फिल्म उन्हाने तापते खरी, पण ती उष्णता खाली मातीत जायला टेकणच नसतं. ती वरच्या हवेला जाते आणि रोपाच्या भोकातून बाहेर येणारी गरम वाफ कोवळ्या देठाला भाजते. पारदर्शक फिल्मचं असं होत नाही, तिच्यातून ऊन आरपार जातं, टेकणावर ती कमी अवलंबून. हॅम, क्लुइटेनबर्ग आणि लॅमाँट यांनी १९९३ मध्ये फिल्मच्या प्रकाशीय गुणधर्मांवर जे काम छापलं, ते या अंगाने जरूर वाचा. बारीक भुसभुशीत बेडवर केलेल्या प्रयोगातला 'काळा' आणि ढेकळांवरचा 'काळा' ही व्यवहारात दोन वेगळी आच्छादनं आहेत.

मोजायचं कधी आणि किती खोल?

दुपारी दोनला जाऊन थर्मामीटर खुपसून यायचं, ही पद्धत अजूनही चालते. मातीत उष्णतेची लाट खाली उतरताना मंदावते आणि उशिरा पोचते. मध्यम ओल्या मातीत दिवस-रात्रीची लाट सुमारे १२ सेंटिमीटरवर ३७ टक्के उरते. पृष्ठभागाचं शिखर दुपारी एकच्या सुमारास असेल, तर १० सेंटिमीटरवर ते यायला सव्वातीन तासांच्या आसपास लागतात, म्हणजे सव्वाचार वाजतात. दोनला घेतलेली नोंद ५ सेंटिमीटरला शिखराजवळ पकडते आणि १० सेंटिमीटरला चढावर. त्यात फिल्मने मातीची ओल बदललेली असते, म्हणून लाटेचा वेगही बदललेला असतो. एकाच वेळी घेतलेल्या दोन नोंदी मग तुलनेच्या उरतच नाहीत. दर अर्ध्या तासाला नोंद घेणारा लॉगर लावा आणि रोजचं किमान, कमाल, सरासरी तिन्ही द्या. रात्रीचं किमान तापमान डिसेंबरात जास्त बोलतं, दुपारचं कमाल एप्रिलमध्ये.

डीएस१८बी२० हा स्वस्त सेन्सर बरेच जण वापरतात, आणि वापरावा. फक्त त्याची अचूकता अधिक-उणे अर्धा अंश आहे, आणि आपण शोधतोय तो फरक कधीकधी एक-दीड अंशाचा. सगळे सेन्सर शेतात पुरण्याआधी एकाच बादलीत, आधी बर्फाच्या पाण्यात आणि मग कोमट पाण्यात, एकत्र बुडवून कोण किती चुकतो ते लिहून ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

रंगापेक्षा दुसरंच काही निर्णायक ठरतं याचं आपल्या कोकणातलं उदाहरण म्हणजे भुईमूग. भातानंतर डिसेंबर-जानेवारीत पेरलेला भुईमूग थंडीत उगवायला वेळ घेतो, वाढ रेंगाळते. त्यावर उपाय म्हणून पारदर्शक फिल्मचं तंत्र महाराष्ट्रात आलं, ते चीनच्या अनुभवावरून. चीनमध्ये प्लास्टिक आच्छादन १९७८ साली जपानमधून गेलं होतं. इथे पारदर्शकच हवी, कारण थंड मातीला ऊब द्यायची आहे. पण तेवढ्याने भागत नाही. भुईमुगाच्या आऱ्या वरून खाली येऊन जमिनीत घुसतात, तेव्हाच शेंग धरते. भाजीपाल्याची २५-३० मायक्रॉनची फिल्म त्यांना भेदता येणार नाही. म्हणून ७ मायक्रॉनची अतिपातळ फिल्म. खाली ऊन जातं म्हणजे तणही जोमात येतं, त्यासाठी आधीच तणनाशक. एका पिकाच्या देहरचनेने जाडी ठरवली, हंगामाने पारदर्शकता ठरवली, पारदर्शकतेने तणनाशक आणलं. नुसत्या 'कोणता रंग चांगला' या प्रश्नात यातलं काहीच येत नाही.

तिसरी गोष्ट जमिनीच्या वर घडते.

फिल्मवरून उडालेला प्रकाश पानांच्या खालच्या बाजूला लागतो, आणि झाड त्यातून अर्थ काढतं. हिरवं पान लाल प्रकाश (६६० नॅनोमीटरच्या आसपास) खातं आणि दूर-लाल (७३० च्या आसपास) परत टाकतं. म्हणून आजूबाजूला दूर-लाल वाढला की झाडातलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य ओळखतं की शेजारी गर्दी आहे, आणि वाढीची दिशा बदलते. डेकोटो, कॅस्परबॉवर आणि हंट यांनी १९८९ मध्ये टोमॅटोवर छापलेल्या कामात लाल आच्छादनावर लवकर मिळणारं विक्रीयोग्य उत्पादन साधारणतः सर्वाधिक होतं आणि पाला सर्वात कमी. पांढऱ्या-चंदेरीवर पाला जास्त, लवकरचं उत्पादन कमी. लाल आणि काळ्यावरून येणाऱ्या प्रकाशात लालच्या तुलनेत दूर-लालचं प्रमाण जास्त होतं. पण त्याच प्रयोगात पांढऱ्या-चंदेरीखालची माती थोडी थंडही होती. मग टोमॅटोने प्रकाशाचं ऐकलं की मुळांच्या उबेचं? हे सोडवायचं असेल तर एक घटक बांधून ठेवावा लागतो. उदाहरणार्थ, सगळ्या रंगांखाली थर्माकोलचा थर देऊन मातीचं तापमान सारखं ठेवायचं, म्हणजे वर फक्त प्रकाश बदलेल. शेतकऱ्यासाठी हे निरुपयोगी आहे, समजून घेण्यासाठी मात्र फार उपयोगी.

आपल्याकडे हाच गुंता भेंडीत दिसेल, आणि ठाणे जिल्ह्यात भेंडी हे नगदी पीक आहे. भेंडीला उबदार माती आवडते. मग चंदेरीवर ती चांगली आली तर का? एक शक्यता केवड्याची. हा विषाणू पांढरी माशी पसरवते, आणि चंदेरी पृष्ठभागावरून उडालेल्या प्रकाशाने मावा, पांढरी माशी, फुलकिडे यांचं उतरण्याचं गणित बिघडतं. (पिवळे चिकट सापळे सगळ्यांनी पाहिलेत. रंग किड्यांना बोलावतोही आणि हाकलतोही.) म्हणजे चंदेरीचं जास्तीचं उत्पादन तापमानाने नसून रोग उशिरा आल्याने असू शकतं. ज्या वर्षी माशीच कमी, त्या वर्षी फायदाही गायब. तापमान आणि उत्पादन एवढेच दोन रकाने असलेल्या वहीतून हे कधीच कळणार नाही. आठवड्याला पानामागे माश्या आणि केवडाग्रस्त झाडांची टक्केवारी, हे रकाने पहिल्या दिवसापासून हवेत. प्लॉट छोटे आणि चिकटून असतील तर आणखी एक पेच: चंदेरीवरून हाकललेल्या माश्या शेजारच्या काळ्यावर बसतात, आणि फरक आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. मधे मोकळ्या ओळी सोडा, नोंदी प्लॉटच्या मधल्या झाडांच्याच घ्या.

हंगामाचाही विचार करा. डिसेंबरात पहाटे गारठा, एप्रिल-मेमध्ये काहिली, आणि फिल्म तीच. सुरुवातीला काळ्याची ऊब उपयोगाची, पुढे तीच मुळांना जड. पण तोवर पिकाचा पाला फिल्म झाकून टाकतो आणि रंगाचा प्रभाव ओसरतो. कलिंगडाचे वेल लवकर झाकतात, मिरची उशिरा. म्हणून रंगाचा परिणाम मुख्यतः पहिल्या काही आठवड्यांत शोधावा, आणि पाल्याने किती टक्के फिल्म झाकली हे दर पंधरवड्याला फोटोवरून मोजावं. काळ्या फिल्मचे बरेच मूळ प्रयोग थंड वसंतात माती तापवायला निघालेल्या देशांतले आहेत. भिवंडीत मार्चमध्ये लावणी करणाऱ्याचा प्रश्न त्याच्या नेमका उलट असतो.

सांख्यिकीचं थोडक्यात: पाच ट्रीटमेंट आणि तीन प्रतिकृती घेतल्या तर आरबीडीमध्ये एररचे स्वातंत्र्यांश आठच राहतात. चार प्रतिकृतींनी बारा होतात. आणि एकाच पट्ट्यात दहा सेन्सर पुरले म्हणजे दहा प्रतिकृती होत नाहीत, प्रतिकृती एकच. कंट्रोलही दोन ठेवा, एक खुरपणी केलेला आणि एक न केलेला. नाहीतर फिल्मने माती बदलून उत्पादन दिलं की नुसतं तण दाबून, हे कळणार नाही. तण दाबण्याचंच काम असेल तर भाताचा पेंढा स्वस्तात करतो, आणि भिवंडीत तो घरचाच असतो. पेंढ्याचा प्लॉट प्रयोगात नसेल तर मला तो प्रयोग अपुरा वाटतो.

राहिली काढणीनंतरची फिल्म. २५ मायक्रॉनच्या एका बंडलाचं वजन साधारण ११ किलो, एकराला ७० किलोंच्या वर. ती सोलून काढताना कडा मातीत दबलेल्या असतात त्या फाटतात, आणि मातीने माखलेला माल भंगारवालाही नाकं मुरडत घेतो. ७ मायक्रॉनची तर हातात धरली की चिंध्या होतात. चीनमध्ये शेतात साठलेल्या या तुकड्यांचा प्रश्न एवढा वाढला, की २०१७ च्या मानकात किमान जाडी ०.००८ वरून ०.०१० मिलिमीटर केली गेली, म्हणजे निदान उचलता तरी यावी. आपल्या प्रयोगात हे मोजायला काही लागत नाही. अंथरताना प्रत्येक प्लॉटची फिल्म तोलून लिहायची. शेवटी निघेल तेवढी गोळा करून, धुवून, वाळवून पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक खाचरातच राहिलेला असतो, आणि जूनमध्ये त्याच खाचरात भाताची चिखलणी होणार असते.